रस्ता ओलांडण्याची पात्रता

"साहेब, रस्ता तर झाला. आता तो ओलांडायचा कुठून?"

हुस्नाने हा प्रश्न विचारला तेव्हा नारळ फुटला होता, फीत कापून झाली होती आणि प्रमुख पाहुण्यांचं तोंड पेढ्याने भरलेलं होतं. अशा वेळी प्रश्न विचारायचे नसतात, हे दहावीतल्या मुलीला कळतं. हुस्नालाही कळत होतं. पण तिच्या एका बाजूला सबिहा आणि दुसऱ्या बाजूला भार्गवी बसली होती, आणि दोघींनी सकाळीच पैज लावली होती.

"गल्लीत लई बोलतीस ना? भर सभेत विचारून दाखव," भार्गवी म्हणाली होती.

"ही काय विचारतीय! पाय लटपटतील पोरीचे," सबिहाने तेल ओतलं होतं.

विचारलं तर महिनाभर हुस्नाचं दप्तर त्या दोघी वाहणार आणि न विचारलं तर त्या दोघींची दप्तरं हुस्ना वाहणार, असा करार होता. हुस्नाचा जन्म भूकंपानंतरच्या थंडीत, ताडपत्रीच्या तंबूत झालेला. तिची अम्मी जाहिदा म्हणायची, जमीन हलायची थांबली नव्हती तेव्हा ही पोटात पाय मारत होती, हिचे पाय आता कशाला लटपटतात? तर हुस्ना उभी राहिली, ओढणी सावरली आणि विचारून मोकळी झाली.

पाहुण्यांनी पेढा गिळला. रस्ते विभागाचे अभियंता अंबरीश साहेब माइककडे आले. मोठा शांत माणूस. त्यांनी आयुष्यात पुष्कळ रस्ते बांधले होते आणि त्यांपैकी एकावरही त्यांना कधी चालावं लागलं नव्हतं.

"बाळ," ते म्हणाले, "रस्ता हा जाण्यासाठी असतो. ओलांडण्यासाठी नसतो."

"पण साहेब, आमची शाळा समोर आहे. इथून दिसते."

"दिसते ना? मग अडचण काय आहे?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. भार्गवीनेही वाजवल्या. सगळे वाजवत असताना आपले हात मोकळे ठेवणं तिला बरं वाटेना.

आता रस्त्याविषयी. लातूर तेव्हा अजून महानगर झालं नव्हतं, पण गुडघ्याला बाशिंग बांधून बसलं होतं. महानगर होणार तर त्याला उपनगरं लागणार, उपनगरं होणार तर त्यांना शहराशी जोडणारा महामार्ग लागणार. यातली सगळ्यात सोपी गोष्ट महामार्ग, म्हणून तो आधी केला. शहरातल्या गोलाई चौकाच्या अंगाने निघून सहा मार्गिकांचा हा रस्ता थेट एका सोयाबीनच्या शेतात पोचायचा. शेतात पाटी होती, 'नियोजित महानगर पूर्व'. पाटी मात्र झकास होती. तिच्यावर रात्री दिवा लागायचा.

महामार्गाचा दर्जा राखण्यासाठी त्यावर सायकल, बैलगाडी, तीनचाकी आणि पायी चालणारा मनुष्य यांना मज्जाव होता. दोन्ही कडांना छातीएवढे लोखंडी कठडे. आणि हा रस्ता नेमका हुस्नाची गादीवाल्यांची गल्ली आणि तिची शाळा यांच्या मधून गेला. त्याआधी पहिली घंटा ऐकून हुस्ना चहाचा शेवटचा घोट घ्यायची आणि प्रतिज्ञा सुरू व्हायच्या आत रांगेत उभी असायची. आता शाळेत जायचं म्हणजे जुन्या रस्त्याने धान्याच्या मोंढ्यावरून वळसा. पोचेपर्यंत तिसरा तास सुरू व्हायचा आणि शिक्षक विचारायचे, "कुठून आलात? कंधारहून?"

तरी प्रशासन संवेदनशील होतं, हे मान्य करायला हवं. प्रश्न सभेत विचारला गेला होता, तेव्हा त्यावर समिती नेमणं भाग होतं. समितीने रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहणी करायचं ठरवलं होतं, पण ऊन असल्यामुळे ती विश्रामगृहात केली. निष्कर्ष निघाला की रस्ता ओलांडणे ही अत्यंत धोकादायक बाब आहे, सबब ती सरसकट सगळ्यांना करू देता येणार नाही. कठड्यात एक फाटक ठेवावं आणि त्यातून निवडक, लायक विद्यार्थ्यांनाच सोडावं.

लायक कोण, हे कसं ठरवायचं? दुसऱ्या एखाद्या गावात यावर भांडणं झाली असती. लातुरात कुणाला क्षणभरही विचार करावा लागला नाही. जागा कमी आणि माणसं जास्त झाली की काय करायचं, हे इथल्या रांगत्या लेकराला ठाऊक असतं.

परीक्षा!

तिचं नाव 'सामायिक ओलांडणी प्रवेश परीक्षा'. विषय तीन: वेग व अंतर, मानवी दृष्टीचे शरीरशास्त्र आणि सामान्य रस्ता ज्ञान. प्रश्न बहुपर्यायी. चुकीच्या उत्तराला गुण वजा. उत्तीर्ण होणाऱ्याला फाटकाचा पास, आणि पहिल्या येणाऱ्याला मधल्या दुभाजकावर थांबून श्वास घेण्याची विशेष सवलत.

जाहिरात आली त्याच दिवशी अमृतराव सरांचा क्लास सुरू झाला. अमृतराव सर म्हणजे साधं प्रस्थ नव्हे. त्यांच्या हाताखालून गेलेलं पोर झोपेत कूस बदलतानाही आधी चारही पर्याय वाचतं, अशी ख्याती. जलद अभ्यासक्रमांना इतर क्लासवाले 'क्रॅश कोर्स' म्हणत. रस्त्याच्या परीक्षेला हे नाव बरं दिसणार नाही, म्हणून सरांनी 'सुखरूप तुकडी' असं ठेवलं. एवढा बारीक विचार करणारा माणूस. फक्त एक झालं. क्लासची जागा त्यांनी घेतली शाळेच्या बाजूला, म्हणजे पलीकडे.

"सर, क्लासला यायला रस्ता ओलांडावा लागतो," पालकांच्या बैठकीत हुस्नाचे अब्बा, पाशामियाँ, अदबीने म्हणाले. "आणि ओलांडता यावा म्हणून तर क्लास."

"म्हणूनच वसतिगृह," सर म्हणाले. "पाशाभाई, लोक विष्णुपुरीहून, माहूरहून पोरं आणून टाकून राहिले इथं. तुम्ही तर समोरचे. तुमचं नशीब किती थोर!"

पाशामियाँ गाद्या बनवत. क्लासेसचा सुकाळ झाल्यापासून शहरात इतकी वसतिगृहं निघाली होती की त्यांना कापूस पिंजायला फुरसत मिळत नव्हती. दुसऱ्यांच्या लेकरांसाठी ज्याने हजारभर गाद्या शिवल्या, त्याने स्वतःच्या लेकीसाठी एक शिवताना कां कूं केली, तर लोक काय म्हणतील? त्यांनी शिवली. कापूस जरा जास्त घातला, आणि तीनचाकी टेम्पोत टाकून मोंढ्यावरच्या वळशाने समोर नेली.

"अब्बा, मला घरीच राहायचंय," हुस्ना म्हणाली. "शाळा दिसते ना इथून."

"क्या की बेटा," पाशामियाँ म्हणाले, "सगळे जात आहेत."

यावर लातुरात आजवर कुणाला उत्तर सापडलेलं नाही.

आणि अशा तऱ्हेने हुस्ना घरासमोर परगावी राहू लागली. वसतिगृहाला जागा अपुरी पडली, तेव्हा सरांनी शाळेच्याच खोल्या घेतल्या. शाळेचीही हरकत नव्हती, कारण मुलं सगळी क्लासला आणि शिक्षकही क्लासला. मराठीचे अनंतराव सर, म्हणजे भार्गवीचे वडील, आता 'सामान्य रस्ता ज्ञान' शिकवत. सरकारी नियमाप्रमाणे शाळेची घंटा मात्र रोज वाजायची, बाकं मांडलेली असायची आणि रिकाम्या वर्गाचा निकाल शंभर टक्के लागायचा. हुस्नाची गादी पडली दहावी 'अ' च्या खोलीत, फळ्याखाली. ज्या शाळेत पोचण्यासाठी तिने प्रश्न विचारला होता, त्या शाळेत ती आता चोवीस तास होती. फक्त शाळेत नव्हती.

संध्याकाळी पाचला गच्चीवर जायची मुभा होती. समोरच्या गच्चीवर जाहिदा उभी असायची.

"ऐ हुस्नाऽऽ! केसांना तेल लावलीस का?"

"हौ अम्मीऽऽ!"

"झूट नक्को बोलू! इथून दिसून राहिलं!"

सगळी गल्ली गच्च्यांवर यायची. सबिहाची नानी तर दालच्याची कृती ओरडून सांगायची आणि इकडे पोरींच्या तोंडाला पाणी सुटायचं. आठवडाभर हे चाललं. मग अमृतराव सरांनी रस्ते विभागाकडे तक्रार केली की काही आया कोणतीही पात्रता नसताना आवाज पलीकडे पाठवून राहिल्यात. विभागाने कायदा तपासला. 'ओलांडणे' या व्याख्येत आवाज बसतो, असं निघालं. दुसऱ्या दिवसापासून आयांनी फक्त हात हलवायचा, असा आदेश झाला. जाहिदाने पहिल्या दिवशी इतका हात हलवला की दुसऱ्या दिवशी खांदा बांधून आली आणि डाव्या हाताने हलवला.

क्लास जोरात होता. जमिनीवर फक्कीने सहा मार्गिका आखलेल्या. पोरं त्यावर ओळीने उभी राहत आणि एका सुरात म्हणत, "उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे." 'पुन्हा उजवीकडे'ला दोन गुण होते. गेल्या वर्षी ते किती मुलांनी घालवले, हे सर रोज सांगत. गेल्या वर्षी परीक्षाच नव्हती, पण हे लक्षात येऊन विचारणारं कुणी नव्हतं. हुस्नाने विचारलं असतं, पण तिचंही आता पाठांतर चाललं होतं.

खिडक्यांना जाड पडदे होते. एकदा तिने पडद्याला हात लावला.

"काय बघायचंय?" अनंतराव सर म्हणाले.

"रस्ता, सर."

"हुस्ना, खरा रस्ता अभ्यासक्रमात नाही. उगाच गोंधळ होतो मनाचा."

तसाही तो दिसत नव्हताच. दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर क्लासच्या जाहिरातींचे फलक लागले होते, दुमजली उंचीचे, एकाला एक चिकटून. 'आमचा विद्यार्थी सरावात तीनशे वेळा पलीकडे!' असे. गच्चीवरून लोक बघायचे ते समोरच्या गच्चीकडे, खाली कोण बघतो? आणि खाली गाड्या असणारच. एवढा मोठा रस्ता कुणी उगीच बांधतं का?

वर्ष सरलं, परीक्षा झाली, निकाल लागला. हुस्ना पहिली!

एकही गुण न गमावता पहिली. 'ट्रक ताशी साठ वेगाने येत असता आपण काय कराल?' या प्रश्नावर निम्मा जिल्हा आडवा झाला होता. हुस्नाने 'वरीलपैकी सर्व' लिहिलं आणि तेच बरोबर निघालं. तिचा फोटो फलकावर चढला, खुद्द अमृतराव सरांच्या फोटोच्या निम्म्या आकाराचा. समोरच्या गच्चीवर पाशामियाँनी आदेश धाब्यावर बसवून ताशा वाजवला. जाहिदा दोन्ही हात हलवत होती आणि रडत होती. सबिहा आणि भार्गवी प्रतीक्षायादीत होत्या.

"आता तू रोज घरी जाशील," सबिहा म्हणाली. "आमच्यासाठी दालचा आणशील ना गे?"

हुस्ना म्हणाली, डबाभर आणीन. आता सकाळी घरून शाळेत, संध्याकाळी शाळेतून घरी. एवढंच तर हवं होतं.

पासवाटपाच्या शेवटच्या दिवशी दुपारी निरोप आला. पास आजच, कार्यालय बंद होण्याच्या आत, उमेदवाराने स्वतः हजर राहून घ्यावा, नाहीतर जागा प्रतीक्षायादीला जाईल. कार्यालय अर्थात अलीकडे होतं, गादीवाल्यांच्या गल्लीला लागून. मोंढ्यात त्या दिवशी हरभऱ्याची आवक झालेली, जुना रस्ता ट्रॅक्टरांनी तुंबलेला. वळशाने जायचं तर दिवस मावळला असता.

हुस्ना धावत फाटकाशी आली. फाटकाला कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. तिने कडी काढली. मग शिकवल्याप्रमाणे उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. पुन्हा उजवीकडे पाहिलं.

रस्त्यावर काही नव्हतं.

म्हणजे अगदीच नाही असं नाही. तिसऱ्या मार्गिकेत एक म्हैस बसून रवंथ करत होती. दुभाजकाच्या फटीतून हाताएवढं गवत वाढलेलं. चौथ्या मार्गिकेवर कुणाचा तरी परकर पतंगासारखा उडत चाललेला. आणि दूर, अगदी दूर, भर दुपारी 'नियोजित महानगर पूर्व'चा दिवा लागलेला. तीनचाकीला बंदी, दोन पायांना बंदी, आणि चारचाकीवाल्याला सोयाबीनच्या शेतात काय काम? या रस्त्यावरून कधी कुणी गेलंच नव्हतं.

आता खरं सांगा. तुम्ही इथपर्यंत वाचत आलात. या रस्त्यावरून दिवसाला गाड्या किती जातात, हे तुम्ही तरी एकदा विचारलंत का? अभ्यासक्रमात नव्हतं, म्हणूनच ना?

हुस्ना हसली. आधी पोटातल्या पोटात, मग मोठ्याने. आणि ती चालायला लागली. धावली नाही. मध्ये म्हशीच्या कपाळावर हात फिरवला. दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवरून लोक ओरडायला लागले, "अगं, गाडी! गाडी आली! मेली पोरगी!" कुणालाही गाडी दिसत नव्हती, पण प्रत्येकाला तिचा वेग तोंडपाठ होता.

अंबरीश साहेब कार्यालयात चहा घेत होते.

"कशी आलीस?"

"चालत, साहेब."

"पासाशिवाय?"

"पास घ्यायलाच आले."

साहेबांनी बशी खाली ठेवली. "तुला कळतंय का तू काय केलंस? रस्त्यावर वाहने नसतात, ही या परीक्षेची अत्यंत गोपनीय बाब होती. ती तू भर दुपारी, दोन्ही बाजूंच्या साक्षीने फोडलीस. याला पेपरफुटी म्हणतात."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"बाळ, मी समितीचा अध्यक्ष होतो," साहेब सौम्यपणे म्हणाले. "मला काहीच ठाऊक असण्याची गरज नव्हती."

हुस्नाचं नाव यादीतून उडालं. फलकावरच्या तिच्या चेहऱ्यावर गूळ-शेंगदाण्याच्या दुकानाची जाहिरात लागली. ते तिने सहन केलं असतं. तिला वाटलं होतं, आता सगळे कड्या काढतील, पोरं घरी येतील, जाहिदा मोकळ्या गळ्याने ओरडेल. दुसऱ्या दिवशी खरोखरच मोर्चा निघाला. हुस्ना आनंदाने घरच्या गच्चीवर गेली. मोर्चा तिच्याच घरावर आला होता.

"आमच्या लेकरांचा वर्षभर डोळ्याला डोळा लागला नाही," अनंतराव सर घोषणेच्या मध्येच हुंदका देत म्हणाले, "आमची भार्गवी चष्म्याला लागली, आणि ही म्हणते गाडीच नाही! मग आम्ही काय मूर्ख आहोत?"

"मी तसं नाही म्हणाले, सर," हुस्ना वरून म्हणाली. "मी फक्त चालत आले."

"तेच! तेच! आमच्या पोरांच्या मेहनतीचं काय?"

पालकांची मागणी एकमुखी होती. परीक्षेची अब्रू वाचली पाहिजे. आणि परीक्षेची अब्रू वाचवायची तर ओलांडणं धोक्याचं पाहिजे. 'गाड्या सोडा, गुणवत्ता वाचवा!' अशा घोषणा देत मोर्चा रस्ते विभागावर गेला.

विभाग लोकभावनेपुढे नेहमीच झुकत आला आहे. पण त्यांच्याकडे सोडायला गाड्या नव्हत्या. तेव्हा लोकसहभागातून 'पालक फेरी योजना' आली. प्रत्येक पालकाने आपल्या पाल्याच्या उज्ज्वल भवितव्यासाठी दिवसातून ठरल्या वेळी आपलं वाहन महामार्गावरून शक्य तितक्या वेगाने न्यावं आणि आणावं. गाडी नसलेल्या गरीब पालकांवर अन्याय नको, म्हणून तीनचाकीची बंदी उठवली. आठवड्यात रस्ता असा वाहू लागला की बघत राहावं. स्कूटर, जीप, दुधाच्या गाड्या, अनंतराव सरांची जुनी मोटार, सगळे सोयाबीनच्या शेतापर्यंत रिकामे जात आणि रिकामे परत येत, हॉर्नवर हात ठेवून. पहिल्याच दिवशी म्हशीची शेपूट गेली. आता परीक्षेला खरोखर अर्थ आला होता. अंबरीश साहेबांनी पाहणी केली, या वेळी उन्हात, आणि म्हणाले, "महामार्ग यशस्वी झाला."

त्या संध्याकाळी पाशामियाँच्या घरी जेवणाचं दस्तरखान अंथरलं होतं. कोपऱ्यात हुस्नाची पेटी भरून तयार होती. अमृतराव सर मोठ्या मनाचे. त्यांनी गुन्हा पोटात घालून तिला पुढच्या वर्षीच्या तुकडीत घ्यायचं कबूल केलं होतं. सकाळी अंधारातच वळशाने वसतिगृहात जायचं, असं ठरलं होतं. म्हणजे अम्मी-अब्बांचं ठरलं होतं.

"माझी फेरी आली बेटा," पाशामियाँ भाकरी मोडत म्हणाले. "रोज सकाळी, शाळेच्या घंटेला. टेम्पोला नवीन हॉर्न बसवला आज."

"जोरात चालवा," जाहिदा म्हणाली. "सबिहाच्या अब्बांनी हळू नेला, तर लोकांनी नावं ठेवली. लेकरांची काळजी नाही म्हणाले."

"चालवतो ना. काय करणार? सगळेच चालवून राहिले."

हुस्नाने हात धुतले, ओढणीला पुसले आणि पेटी उघडली. आतले कपडे एकेक काढून परत दोरीवर टाकायला लागली.

"ऐ, ये क्या कर रई?" जाहिदा उठली.

"अम्मी, अब्बा, ऐका. मी वसतिगृहात जाणार नाही," हुस्ना म्हणाली. तिचा आवाज सभेत होता त्याहून हळू होता, पण स्वच्छ होता. "मी शाळेत जाणार आहे. वर्गात कुणी नसलं तरी बाकं आहेत. उद्या घंटा झाली की फाटकाची कडी काढणार आणि चालत पलीकडे जाणार. तेव्हा समोरून जो टेम्पो येईल, अब्बा, तो तुमचा असेल. ब्रेक मारायचा का नाही, ते मात्र तुम्ही ठरवा."